जंगलातली माणसं आणि मिशनरी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अंदमानवर प्रवासलेख आला होता, त्यात नॉर्थ सेंटिनेल बेटावर मारल्या गेलेल्या अमेरिकन मिशनरी पोराबद्दल जेमतेम एक परिच्छेद होता, आणि पत्रं आली ती सगळी त्या एका परिच्छेदावर. हॉटेल आणि फेरीबोटीची माहिती लेखकाने एवढी कष्टाने दिली, ती कोणी वाचली की नाही देव जाणे. दोन्ही बाजूंची काही पत्रं छापण्यासारखी नाहीत, ती बाजूला ठेवली. उरलेल्यातली काही घेते.

प्रश्न: ताई, तो जॉन चाऊ देवाचं प्रेम सांगायला गेला होता, लुटायला नाही. त्याला बाणांनी मारलं आणि आपल्या सरकारने साधी बॉडीसुद्धा आणली नाही. आदिवासी असले म्हणून खून माफ का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: तुम्ही रागावून विचारलंय पण प्रश्न वाईट नाहीये, म्हणून सावकाश सांगते. नोव्हेंबर 2018 ची गोष्ट. 26 वर्षांचा मुलगा, टुरिस्ट म्हणून आलेला, त्याने मच्छीमारांना 25 हजार रुपये देऊन रात्रीच्या अंधारात, कोस्ट गार्डला चुकवून बेटाजवळ नेऊन सोडायला लावलं. पुढे एकटा कयाकमधून मासे वगैरे भेटी घेऊन गेला. एका पोराने सोडलेला बाण त्याच्या हातातल्या बायबलला लागला, तो पळून बोटीवर आला, हे सगळं त्याने स्वतःच डायरीत लिहून ठेवलंय, आणि तरी परत गेला. दुसऱ्या दिवशी मच्छीमारांना लांबूनच दिसलं की किनाऱ्यावर बॉडी ओढून नेतायत. अटक झाली ती त्याला नेणाऱ्या मच्छीमारांना वगैरे, म्हणजे गरिबांना.

आता कायदा. 1956 पासून अंदमानच्या आदिवासींच्या संरक्षणाचा नियम आहे, त्या बेटाच्या 5 सागरी मैलांच्या आत जायचं नाही म्हणजे नाही. काही जणांनी लिहिलंय की त्याच वर्षी सरकारने परदेशी लोकांसाठीची परमिटची अट काढली होती. काढली होती, 29 बेटांवरची, त्यात हेही बेट होतं, पण ती अट वेगळी आणि 1956 चा नियम वेगळा, तो जागेवरच होता. बॉडीचं म्हणाल तर पोलिसांची बोट जवळ गेली होती, समोर किनाऱ्यावर धनुष्यबाण घेतलेली माणसं उभी. उतरायचं तर गोळीबार करावा लागला असता, आणि तो न करताही नुसत्या उतरण्याने आजार गेला असता. सरकारने माघार घेतली, मला तरी ते शहाणपणाचं वाटतं.

ती माणसं एवढी बिथरलेली का, तर 1880 मध्ये पोर्टमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथून सहा जणांना उचलून पोर्ट ब्लेअरला आणलं. म्हातारा-म्हातारी मेली, उरलेली चार मुलं आजारी, त्यांना भेटवस्तू देऊन परत सोडलं, बरोबर काय काय रोग गेले कोणाला माहीत. त्याच्याही आधी, 1863 मध्ये, कॉर्बिन नावाच्या पाद्र्याने रॉस बेटावर ग्रेट अंदमानी लोकांसाठी 'होम' काढलं होतं, माणसाळवायला. 1877 ला गोवराची साथ आली. हजारोंनी असलेली ती जमात आज पन्नाससाठच्या आसपास आहे.

चाऊने लशी घेतल्या होत्या, काही दिवस स्वतःला वेगळंही ठेवलं होतं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पण लस घेणाऱ्याला वाचवते, समोरच्याला नाही. आपल्याला नुसतं नाक गळायला लावणारा विषाणू त्यांच्या शरीराने कधी पाहिलेलाच नसतो. आपल्या सोसायटीच्या दारावर 'विक्रेत्यांना मज्जाव' अशी पाटी असते आणि ती वाचून बेल वाजवणाऱ्याला आपण काय काय ऐकवतो, त्यांच्याकडे पाटी नव्हती, बाण होता, आणि पहिल्या वेळी तो पुस्तकाला लागला. याहून जास्त सभ्यपणे 'येऊ नको' कसं सांगायचं असतं?

आणि हे फक्त धर्मवाल्यांचं वेड नाही हं. 2025 मध्ये एक अमेरिकन त्याच बेटावर नारळ आणि डाएट कोकचा कॅन ठेवून आला, व्हिडिओ काढायला. त्यालाही पकडलं.

प्रश्न: चाळीस वर्षं शिक्षक होतो. स्पष्ट विचारतो: शाळा, दवाखाना हे सगळं आमिष, खरा हेतू धर्मांतर. आपण मराठी लोक हे उघड बोलायला का घाबरतो?
– एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर: सर, पुण्यात कोणी काही बोलायला घाबरतं असं माझं तरी निरीक्षण नाही. हेतू धर्मांतराचा असतो का, तर बहुतेक वेळा असतो, ते स्वतःच सांगतात, त्यात लपवाछपवी कसली. माझा प्रश्न त्यापुढचा आहे, की जंगलातल्या माणसाच्या हातात शेवटी काय राहिलं?

छोटा नागपूर, म्हणजे आजचा झारखंडचा भाग, घ्या. 1885 मध्ये लिव्हन्स नावाचा बेल्जियन जेझुइट, म्हणजे कॅथलिक पाद्री, तिथल्या तोरपाला आला. मुंडा लोकांच्या जमिनी जमीनदार गिळत होते, वेठबिगारी चालू होती, कोर्टाची भाषा त्यांना कळायची नाही. हा कायदा शिकला आणि त्यांच्या केसेस लढवायला लागला, लोक जिंकायला लागले आणि हजारोंनी ख्रिश्चन झाले. आता हे आमिष म्हणायचं का? म्हणा, पण मग जमीनदार जे करत होते त्याला काय म्हणायचं तेही ठरवा. टीबीने तो 1893 ला गेला. त्याच्या नंतरचा हॉफमन, हा जर्मन, याने मुंडांच्या जमिनीच्या चालीरीती नीट लिहून काढल्या आणि 1908 च्या छोटा नागपूर टेनन्सी ॲक्टमध्ये त्याचा हात होता, आदिवासींची जमीन बाहेरच्याला सहज विकता येत नाही ती त्या कायद्यामुळे, आणि तो संरक्षण देताना तू चर्चमध्ये जातोस का असं विचारत नाही. पुढच्या वर्षी त्याने सहकारी पतसंस्था काढली, सावकाराला पर्याय म्हणून. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला शत्रू देशाचा म्हणून हाकलून दिलं.

पण याच भागातला बिरसा मुंडा. चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकला आणि तिथूनच फुटून बाहेर पडला, कारण मिशन आणि सरकार जमिनीच्या लढाईत एकाच बाजूला आहेत असं त्याला दिसलं. मग स्वतःचा पंथ काढला, उलगुलान म्हणजे बंड केलं, आणि 9 जून 1900 ला रांचीच्या जेलमध्ये वारला. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच पिढीत, एक पाद्री जमीन वाचवतोय आणि दुसऱ्याच्या शाळेतून एक पोरगा संतापून निघतोय. तुम्ही वर्गात शिकवताना यातला एकच धडा ठेवलात तर पोरं अर्धवट शिकतील.

मिझोरमचं अजून वेगळं. 1894 मध्ये लोरेन आणि सॅव्हिज हे दोघं ऐझॉलला पोचले, भाषेला रोमन लिपी बसवली आणि चार वर्षांच्या आत निघूनही गेले, पुढे वेल्श मिशन आलं. 2011 च्या जनगणनेत राज्यात 87 टक्के ख्रिश्चन आणि साक्षरता 91 टक्क्यांच्या वर. जुनी गाणी, ढोल, तांदळाची दारू यावर मात्र मिशनऱ्यांनी काट मारली होती. गंमत अशी की ढोल नंतर मिझो लोकांनीच चर्चमध्ये परत आणला, साहेबांना न विचारता.

आणि तुम्ही आपल्या मराठी लोकांचा विषय काढलाच आहे म्हणून, 1952 ला आजच्या छत्तीसगडमधल्या जशपूरला वनवासी कल्याण आश्रम सुरू केला तो बाळासाहेब देशपांड्यांनी, मिशनऱ्यांना उत्तर म्हणून. पद्धत बघा: वसतिगृह, शाळा, दवाखाना. आमिष हा शब्द वापरायचा तर दोन्हीकडे वापरा, नाहीतर कुठेच नको.

प्रश्न: आम्ही नगर रोडला सेमिनरीच्या मागे राहतो. वडील नेहमी सांगायचे की पुण्याहून एक साहेब मिशनरी जंगलात गेला आणि त्यानेच धर्म सोडला. ही नुसती दंतकथा आहे का?
– एक वाचक, विमाननगर

उत्तर: अजिबात दंतकथा नाही, आणि तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला कारण हा माणूस पुण्याने विसरायला नको होता. तुमच्या नगर रोडच्या सेमिनरीशी, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या संस्थेशी, मात्र त्याचा संबंध नाही, ती पुण्यात आली 1955 ला, श्रीलंकेतल्या कँडीहून. हा आला त्याच्या खूप आधी, 1927 मध्ये, व्हेरिअर एल्विन, वय 25, ऑक्सफर्डचा, अँग्लिकन पाद्री. ख्रिस्त सेवा संघ म्हणून मंडळी होती, साधी राहणी, भारतीय पद्धतीची उपासना, त्यांच्यात तो सामील झाला. शिवाजीनगरला तो आश्रम अजून आहे, शेजारून रोज हजारो लोक जातात.

इथेच त्याला शामराव हिवाळे भेटले, मराठी ख्रिश्चन, आणि ती जोडी पुढे जन्मभर टिकली. दरम्यान एल्विन साबरमतीला गांधींकडे जाऊन आला आणि पार गांधीवादी झाला, इंग्रज सरकारने त्याच्यावर पाळत ठेवली, चर्चलाही तो नकोसा. 1932 मध्ये दोघं मैकल डोंगरातल्या करंजियाला गेले, तेव्हाचा मंडला जिल्हा, गोंडांच्या वस्तीत झोपडी बांधून राहिले, शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांसाठी सोय. नागपूरच्या बिशपचं म्हणणं, सेवा करा पण धर्मप्रचार केलाच पाहिजे, तरच परवाना. एल्विनने सांगितलं नाही करणार. परवाना मिळाला नाही, आणि थोड्या वर्षांत त्याने पाद्रीपण आणि चर्च दोन्ही सोडलं. एकालाही ख्रिश्चन न करता मिशनरीच बदलून गेला.

त्याला संत करू नका मात्र. 1940 ला त्याने आपल्याच शाळेतल्या कोसी नावाच्या राजगोंड मुलीशी लग्न केलं, ती वयाने खूपच लहान, ते लग्न मोडलं आणि पुढची तिची परवड झाली ती झालीच. विचारांच्या बाबतीतही भांडणं होती. बैगा या आदिवासी जमातीवरच्या 1939 च्या पुस्तकात त्याने लिहिलं की यांच्यासाठी एक राखीव प्रदेश करा आणि बाहेरच्यांना दूर ठेवा. त्यावर आपले मालवणचे घुर्ये, मुंबई विद्यापीठातले मोठे समाजशास्त्रज्ञ, यांनी 1943 मध्ये उलट मांडलं की हे वेगळे कोणी नाहीतच, मागास राहिलेले हिंदूच आहेत, त्यांना सामावून घ्या. दोघांनीही पानंच्या पानं लिहिली आणि त्या वादात बैगा कुठेच बोलत नाही.

पुढे 1954 ला एल्विन भारतीय नागरिक झाला आणि नेहरूंनी त्याला नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, आदिवासी विषयांचा सल्लागार नेमलं. तिथे बाहेरच्या मिशनऱ्यांना दार बंद होतं, नंतर 1978 मध्ये धर्मांतराविरुद्ध कायदाही आला. आणि 2011 ला तिथे ख्रिश्चन किती, तर 30 टक्के! शेजारच्या राज्यात शिकायला गेलेली त्यांचीच पोरं धर्म घेऊन परत आली, त्याला कोणती चेकपोस्ट अडवणार.

शामराव मात्र मंडल्यातच राहिले, पाटणगढच्या बाजूला, तिथल्या परधान या आदिवासी जमातीवर त्यांनी पुस्तक लिहिलं. आज 'गोंड पेंटिंग' म्हणून जे आपल्या ड्रॉइंगरूममध्ये लावतो ते जगापुढे आणणारा जनगढसिंग श्याम याच पाटणगढचा. हिवाळ्यांवर मराठीत कोणी नीट लिहावं असं मला फार वाटतं, एल्विनच्या सावलीत तो माणूस पार झाकला गेला.

प्रश्न: मी अँथ्रोपॉलॉजीला आहे. ॲमेझॉनमध्ये अजून मिशनरी जातात का? आणि सगळेच वाईट असतात का, कारण आमच्या ग्रुपमध्ये यावर रोज भांडणं होतात.
– एक विद्यार्थिनी, डेक्कन

उत्तर: जातात. भांडण चालू ठेवा, फक्त मुद्दे वाढवा.

इक्वेडोरची केस सगळ्यात गुंतागुंतीची आहे म्हणून तीच आधी वाच. 8 जानेवारी 1956, कुराराय नदीच्या वाळूत विमान उतरवलेल्या पाच अमेरिकन मिशनऱ्यांना वाओरानी लोकांनी भाल्याने मारलं. दोन वर्षांनी त्यातल्या एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण त्याच लोकांत राहायला गेल्या, दायुमा नावाच्या वाओरानी बाईच्या मदतीने. ज्यांनी मारलं त्यातले काही ख्रिश्चन झाले. वाओरानींमध्ये आपापसात सूडाच्या हत्या इतक्या व्हायच्या की म्हातारपणाने मरणं दुर्मिळ, ते चक्र बरंचसं थांबलं, आणि त्यांच्यातले अनेक जण आजही याचं श्रेय मिशनला देतात, हे बाजूला टाकता येत नाही. पण मिशनने विखुरलेल्या लोकांना एका जागी आणून वसवलं, 1969 ला पोलिओ आला आणि 16 जण गेले. आणि त्यांनी सोडलेल्या जंगलात तेल कंपन्यांना मोकळं रान मिळालं. जीव वाचला आणि जमीन गेली, आता याचा हिशोब तुमचा ग्रुप कसा मांडतो ते मला कळव.

ब्राझीलमधल्या झोए लोकांचं इतकं गुंतागुंतीचं नाही, तिथे सरळ नुकसान झालं. 1980 च्या दशकात न्यू ट्राइब्ज मिशन या अमेरिकन मिशनरी संस्थेचे लोक त्यांच्यात पोचले, तळ ठोकला, फ्लू आणि मलेरियाने जवळपास पाव जमात गेली असा अंदाज आहे. 1991 मध्ये फुनाई या सरकारी खात्याने मिशनला बाहेर काढलं. त्याआधी 1987 पासूनच ब्राझीलने धोरण बदललं होतं, आपणहून संपर्क करायचा नाही, फक्त हद्द राखायची. हे धोरण आणलं कोणी, तर सिडनी पोसुएलोसारख्या माणसांनी, ज्यांनी स्वतः सरकारतर्फे असे संपर्क केले होते आणि नंतर माणसं मरताना पाहिली होती. म्हणजे फक्त क्रॉसवालेच नाही, सरकारी बिल्लेवालेही तेच करत होते. 2020 मध्ये मात्र ब्राझील सरकारने एकाकी जमातींच्या विभागाचा प्रमुख म्हणून कोणाला बसवलं तर त्याच न्यू ट्राइब्जच्या माजी मिशनऱ्याला! त्याच वर्षी कोर्टाने जावारी खोऱ्यात मिशनऱ्यांना बंदी घातली, ती केस लढवली होती तिथल्याच आदिवासी संघटनेने.

सगळेच वाईट का म्हणशील तर डोरोथी स्टँग नावाच्या ननचं नाव शोध. ब्राझीलच्या पारा राज्यात जमीनदार आणि लाकूडवाल्यांच्या विरोधात छोट्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली, फेब्रुवारी 2005 मध्ये तिला गोळ्या घातल्या, वय 73. तीही धर्माच्या कामालाच गेलेली होती. मी स्वतः एकच बघते: हा माणूस आल्याने त्या लोकांना बाहेरच्या जगाला 'नाही' म्हणायची ताकद वाढली की कमी झाली? पण जिथे कोणाचाच संपर्क नाहीये तिथे हा प्रश्नसुद्धा लागू होत नाही, तिथे जायचंच नाही.

आपल्याच देशातलं उलट टोकाचं उदाहरणही तुझ्या ग्रुपला दे. सेंटिनेलच्या त्याच द्वीपसमूहात कार निकोबारचे जॉन रिचर्डसन, स्वतः निकोबारी, बिशप झाले, नव्या कराराचं आपल्या भाषेत भाषांतर केलं, पहिल्या लोकसभेत नियुक्त खासदार होते. निकोबारी समाज आज बहुतेक ख्रिश्चन आहे आणि तो त्यांचाच धर्म आहे, त्यांना कोणी जाऊन 'तुमच्यावर अन्याय झाला' असं सांगितलं तर ते हसतील.

प्रश्न: आदिवासी ख्रिश्चन झाला की आरक्षण जातं ना?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: नाही जात. धर्माची अट अनुसूचित जातींना आहे, 1950 च्या आदेशाने, आधी जवळपास फक्त हिंदू, मग 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध जोडले. अनुसूचित जमातींना अशी अट नाहीये. ती आणावी, अशांना यादीतून काढावं अशी मागणी मात्र जोरात चालू असते. आणि अजून एक, व्हॉट्सॲपवर फिरतं तसं 'धर्मांतर करणं हा घटनेने दिलेला हक्क' हेही पूर्ण बरोबर नाही. 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लॉस केसमध्ये सांगितलंय की आपल्या धर्माचा प्रसार करायचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. स्वतःहून धर्म बदलायचा तर ती ज्याची त्याची मर्जी.

प्रश्न: आमच्या चर्चचा युथ ग्रुप मे महिन्यात मुळशीकडच्या एका कातकरी पाड्यावर सेवेसाठी जायचं म्हणतोय. कपडे, खाऊ, थोडी गाणी, प्रार्थना. तुमचे लेख वाचून आता जावं की नाही असं झालंय.
– एक ताई, घोरपडी

उत्तर: जा की, ताई. कातकरी काही सेंटिनेली नाहीत, पिढ्यान् पिढ्या बाजाराशी, आणि आपल्या शोषणाशीही, त्यांचा संबंध आहे. पण मे महिना का निवडलात? पोरांना सुट्टी म्हणून ना? दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात, ती परततात पावसाच्या तोंडावर. मे मध्ये पाड्यावर तुम्हाला म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलूपसुद्धा नसलेली बंद दारं भेटतील.

तर आधी दोघंतिघं मोठी माणसं जाऊन या, हात हलवत, खाऊ न घेता, आणि विचारा काय हवंय. कपडे म्हणणार नाहीत, लिहून देते. जातीचा दाखला नाही, घराखालची जागा दुसऱ्याच्या नावावर आहे, रेशनकार्डात सुनेचं नाव चढलेलं नाही, भट्टीवाल्याची उचल फिटत नाही, असलं काहीतरी निघेल. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी वकील, कोणी तहसील कचेरीत काम केलेलं असेल तर त्याला घ्या, तो गिटारवाल्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना सरकार विशेष असुरक्षित धरतं त्यात कातकरी आहेत (बाकी दोन कोलाम आणि माडिया गोंड), त्यामुळे त्यांच्यासाठी योजना आहेत, अडतं ते कागदावर. जायच्या आधी क्वीन्स गार्डनजवळच्या आदिवासी संग्रहालयात पोरांना एकदा फिरवून आणा.

प्रार्थनेचं स्पष्टच सांगते. खाऊ आणि प्रार्थना एकाच दिवशी नको. आधी गाणं मग बिस्किट हे तुमच्या मनात नसलं तरी पोरांच्या मनात तसंच बसतं, आणि गावातला कोणी व्हिडिओ काढून टाकला तर भोगायचं त्या पाड्याने, तुम्ही तोवर घोरपडीला परत आलेल्या असाल. कोणी विचारलं तुम्ही कोण, का आलात, तर ख्रिश्चन आहोत म्हणून सरळ सांगा. सर्दीखोकला असलेल्याला घरी ठेवा, लहान मुलांचे फोटो नको, आणि सरपंचाला व आशाताईला आधी कळवा. पहिल्या भेटीत त्यांनी नको म्हटलं तर दुसऱ्या पाड्यावर जाऊ नका लगेच, त्यांना तुमचा फोन नंबर देऊन या, जूनमध्ये दाखल्याची कामं निघतात तेव्हा ते स्वतः करतील फोन.